सोडणे आणि सुटणे

व्यसनाविषयी बोलताना मराठी भाषा जी क्रियापदे वापरते, त्यांत एक नैतिक विचार दडलेला आहे. विडी किंवा सिगारेट माणसाला ‘लागते’. या वाक्यात माणूस कर्ता नसतो. ठेच लागावी, दृष्ट लागावी, तशी ती लागते. पुढे एखाद्या दिवशी तो ती ‘सोडतो’. येथे मात्र माणूस प्रथमच कर्त्याच्या जागी येऊन उभा राहतो. त्यानंतर बऱ्याच काळाने त्याच्याविषयी म्हटले जाते, की त्याची विडी ‘सुटली’. गाठ सुटावी तशी ती सुटते आणि माणूस पुन्हा वाक्याच्या कडेला सरकतो. लागणे, सोडणे आणि सुटणे या तीन क्रियापदांपैकी निश्चयाचे म्हणावे असे मधले एकच आहे. त्याचा उच्चार एका क्षणात होतो. परंतु ‘सोडली’ आणि ‘सुटली’ यांच्यामध्ये जे अंतर असते ते महिन्यांनी मोजावे लागते.

व्यसनमुक्तीच्या उपदेशपर लेखनात सोडण्याच्या क्षणाचे गौरवगान असते, आणि सुटल्यानंतरच्या लाभांची गणना असते. मधल्या महिन्यांबद्दल फारसे कोणी बोलत नाही. वस्तुतः नीतीच्या दृष्टीने विचार करण्याजोगे जे काही आहे, ते याच काळात घडत असते. ज्याने संकल्प केला तो एका सकाळचा माणूस. ज्याला तो पाळायचा आहे तो नंतरच्या शेकडो दुपारींचा आणि रात्रींचा माणूस. या दोघांचे परस्परांशी नाते कोणते? पहिल्याने दुसऱ्याशी कठोर व्हावे की दयाळू? हा प्रश्न वरवर पाहता व्यक्तिगत वाटतो. पण स्वतःला दिलेल्या वचनाचे स्वरूप काय, हा नीतिविचारातील जुनाच प्रश्न त्याच्या तळाशी आहे.

प्रश्न अधांतरी राहू नये म्हणून त्याला एक ठिकाण द्यावे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडलेले गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ बाजारांत विखुरलेले आहेत. जुने दागिने वितळवून, त्यांतील हीण काढून, शुद्ध सोने-चांदी परत देणे हा त्यांचा व्यवसाय. दिल्लीच्या करोल बागेतील सराफीच्या गल्ल्यांतही त्यांच्या भट्ट्या आहेत. असा एखादा पंचेचाळिशीचा कारागीर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. मिसरूड फुटण्याच्या वयात तो गावच्या कुणा नातलगाच्या दुकानात येऊन राहिलेला. विडी त्याला तेथेच लागली. या कामात घाईपेक्षा वाट पाहणे अधिक असते. मूस तापेपर्यंत थांबायचे, तेजाब आपले काम करीपर्यंत थांबायचे. थांबण्याच्या या लहान लहान रिकाम्या जागा तीस वर्षे विडीने आणि पुढे सिगारेटने भरलेल्या आहेत. गल्लीच्या तोंडाशी पानाची टपरी आहे. टपरीवाला त्याला येताना पाहतो आणि त्याने काही मागण्याआधीच त्याचा हात सवयीने पाकिटाकडे जातो. या माणसाने धूम्रपान सोडले आहे. तिसरा आठवडा चालू आहे. दुकानात हाताखाली काम करणारा गावाकडचा पोरगा सहज म्हणून जातो, “आबा, एका झुरक्यानं काय हुतंय?”

त्या पोराच्या प्रश्नात खलत्व नाही. प्रश्न खराच आहे. एका झुरक्याने कोणाचे फुप्फुस निकामी होत नाही. हजार झुरक्यांतील कोणताही एक वेगळा काढला, तर तो निरुपद्रवीच दिसतो. वाळूचा ढीग नेमक्या कोणत्या कणाने होतो, हे सांगता येत नाही असे ग्रीक तर्कज्ञांचे कोडे आहे. व्यसनाधीन माणूस हे कोडे रोज जगतो, आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर त्या एका कणाच्या बाजूने देतो. संकल्पाची गरज याच कारणाने निर्माण होते. सुट्या सुट्या क्षणी विचार केला, तर प्रत्येक क्षणाचा निर्णय चुकीचा नसूनही आयुष्याचा निर्णय चुकतो. संकल्प हा क्षणांना एका माळेत ओवणारा दोरा आहे.

शरीराची बाजूही येथे पाहिली पाहिजे. कारण तिच्या अज्ञानातून नैतिक गैरसमज निर्माण होतात. धुराबरोबर आत गेलेले निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि सुमारे दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. दिवसभर पुनःपुन्हा पेटवावेसे वाटते ते यामुळे. सोडल्यानंतरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत कळसाला पोहोचतो आणि बहुधा तीन-चार आठवड्यांत ओसरतो. चिडचीड, अस्वस्थता, झोपमोड, वाढलेली भूक, कोठे लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे. काहींचा खोकला तर प्रारंभी कमी होण्याऐवजी वाढतो. म्हणजे ज्या काळात माणसाने काहीतरी चांगले केलेले असते, नेमक्या त्याच काळात तो घरच्यांना आणि स्वतःला पूर्वीपेक्षा वाईट वाटू लागतो. सद्वर्तनाचे फळ सुख असते, असे लहानपणापासून शिकविलेले असते. येथे सद्वर्तनाचे पहिले फळ दुःख आहे. ‘यापेक्षा ओढत होतात तेच बरे होते,’ हे घरातील वाक्य अशा वेळी उच्चारले जाते, आणि ते उच्चारणारी व्यक्ती शत्रू नसते.

शरीराचा त्रास महिन्याभरात मागे पडतो; पण ओढ मागे पडत नाही. तिची लाट आता रक्तातून येत नाही, प्रसंगातून येते: चहाच्या पेल्यातून, पगाराच्या दिवसातून, गावाहून आलेल्या एखाद्या वाईट बातमीतून. लाट काही मिनिटांत ओसरते. पण ती येण्याची वेळ ठरलेली नसते. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात या अवस्थेचा अचूक निर्देश आहे. आहार तोडणाऱ्या माणसापासून विषय दूर होतात, परंतु त्यांच्याविषयीचा रस मागे उरतो, असा त्या विचाराचा आशय. त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी झाडाचा दृष्टान्त घेतला आहे: वरची पालवी खुडत राहावे आणि मुळाशी पाणी घालीत राहावे, अशाने वृक्षाचा नाश कसा होणार? ‘सोडली’ म्हणजे पालवी खुडली. ‘सुटली’ म्हणजे मुळाचे पाणी तुटले. मधल्या महिन्यांतील माणूस खुडलेल्या फांद्यांचा असतो आणि त्याची मुळे ओली असतात. त्याला ढोंगी म्हणता येणार नाही. मुक्तही म्हणता येणार नाही. ‘वर्तन बदलले, मन बदलले नाही’ असा आरोप त्याच्यावर करता येतो. परंतु मन बदलेपर्यंत वर्तन थांबवून ठेवायचे असेल तर ते कधीच बदलणार नाही. मुळे सुकण्यासाठी जो काळ लागतो, तेवढा काळ नुसते वर्तन सांभाळणे हीच येथे प्रामाणिकपणाची व्याख्या ठरते.

हा काळ सांभाळायचा कसा, याविषयी मराठी लोकजीवनात दोन जुनी प्रारूपे आहेत. एक चातुर्मासाचे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करणारी कुटुंबे आजही आहेत. या त्यागाला आरंभ आहे तसा शेवटही आहे. नेम संपला की पारणे आहे, उद्यापन आहे. दुसरे प्रारूप काशीचे. काशीयात्रेला गेलेल्या माणसाने आपल्या आवडीचे एखादे फळ वा भाजी तेथे कायमची सोडून यायची, असा प्रघात होता. या त्यागाला उद्यापन नाही. धूम्रपान सोडणे हे स्वरूपाने काशीचे व्रत आहे, आणि त्याची खरी भीती येथेच आहे. ‘पुन्हा कधीच नाही’ हा शब्दप्रयोग तिसऱ्या आठवड्यातील माणसाला पेलत नाही. उरलेल्या सगळ्या आयुष्याचे ओझे तो एका संध्याकाळच्या खांद्यावर ठेवतो. म्हणून ज्यांनी हे महिने निभावून नेले, त्यांच्यातील अनेकांनी कळत नकळत काशीचे व्रत चातुर्मासाच्या मापाने पाळलेले असते. आजचा दिवस, हा आठवडा, दिवाळीपर्यंत. पतंजलीने अभ्यास दृढ होण्याच्या ज्या अटी सांगितल्या, त्यांत दीर्घकाळ आणि अखंडपणा यांच्या जोडीला आदरही आहे. पहिल्या दोन अटी सर्वांच्या लक्षात राहतात. तिसरीचा अर्थ असा घेता येईल, की जो अभ्यास करतो आहे त्याच्याविषयी, म्हणजे स्वतःच्या दुर्बळ भागाविषयीही, तिरस्कार असता कामा नये.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. स्वतःशी दयाळू होणे ही पळवाटेची पहिली पायरी नव्हे काय? त्रिएस्तचा कादंबरीकार इतालो स्वेव्हो याने १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत झेनो नावाचा नायक रंगविला आहे. झेनो आयुष्यभर ‘शेवटची सिगारेट’ ओढीत राहतो आणि प्रत्येक शेवटच्या सिगारेटीची तारीख टिपून ठेवतो. शेवटची म्हणून ओढलेल्या सिगारेटीला अधिक चव असते, हे त्याला समजलेले आहे; संकल्पच त्याच्या व्यसनाचा मसाला झाला आहे. स्वतःला क्षमा करण्याची कला ज्याला फार चांगली साधली, त्याचे काय होते याचे हे विनोदी, पण आतून भयावह चित्र आहे.

दुसरे उदाहरण अधिक थोर माणसाचे, आणि म्हणून अधिक बोधप्रद. करोल बागेतील आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजचे उद्‌घाटन १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते झाले. हकीम अजमल खान यांच्या या संस्थेला ‘आरोग्य हे संयमातून येते’ असे मानणारा उद्‌घाटक लाभला, हे स्वाभाविकच होते. गांधींनी बालपणी चोरून विडी ओढली होती, त्यासाठी नोकराचे पैसे चोरले होते, आणि तो नाद त्यांना तेव्हाच सुटला. ही कबुली त्यांच्या आत्मकथेत आहे. ती सुटका तुलनेने सोपी होती. कठीण ठरले ते दुसरे व्रत, दूध न घेण्याचे. १९१८ च्या दीर्घ आजारानंतर प्रकृती सुधारेना, तेव्हा व्रत घेताना मनात गाई-म्हशीचेच दूध होते, मग शेळीचे चालेल, असा मार्ग कस्तुरबांनी सुचविला आणि गांधींनी तो स्वीकारला. आत्मकथेत त्यांनी या घटनेवर पांघरूण घातलेले नाही. व्रताचे अक्षर राहिले आणि आत्मा गेला, अशी त्यांची स्वतःविषयीची नोंद आहे, आणि त्याची बोच पुढे राहिली.

झेनो आणि गांधी या दोघांनीही संकल्पाला अपवाद केला. तरीही दोन्ही घटना एकाच मापाने मोजता येत नाहीत, असे वाचकाला जाणवते. भेद कोठे आहे? झेनो मोडण्यापूर्वीच स्वतःला क्षमा करून टाकतो. गांधी मोडल्यानंतरही तिला मोडणेच म्हणतात. या भेदातून एक कसोटी हाती येते. क्षमा ही घडून गेलेल्या गोष्टीसाठी असते. घडू घातलेल्या गोष्टीसाठी जी मागितली जाते तिचे नाव परवानगी. त्या पोराच्या “काय हुतंय?” या प्रश्नाला झुरक्याआधी एकच उत्तर आहे आणि ते नकाराचे आहे. परंतु एखाद्या रात्री झुरका घेतला गेलाच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर बदलले पाहिजे. त्या सकाळी ‘सगळे संपले’ असे म्हणणारा कठोर न्यायाधीश आणि ‘एक झालीच आहे, आता पाकीटच घ्यावे’ असे म्हणणारा मोह हे दोघे वेगवेगळ्या वाटांनी एकाच टपरीपाशी पोहोचतात.

विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८९० च्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात सवयीची चर्चा करताना सुतळीच्या गुंड्याची उपमा वापरली. गुंडाळता गुंडाळता गुंडा हातातून एकदा निसटला, की अनेक वेढ्यांचे काम क्षणात उलगडते. म्हणून नवी सवय रुजेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये. सावधगिरीचा इशारा म्हणून हा उपदेश अमूल्य आहे. पण त्या उपमेचाच पुढे विचार केला तर दिसते, की निसटलेला गुंडा सगळा उलगडत नाही. काही वेढे शिल्लक असतात आणि सुतळी तर सगळीच शिल्लक असते. बहुतेक माणसांचे धूम्रपान पहिल्या प्रयत्नात सुटत नाही. ज्यांचे सुटले त्यांच्यामागे बहुधा एकाहून अधिक मोडलेले संकल्प असतात. ते संकल्प खोटे होते असे म्हणण्यापेक्षा, शेवटच्या संकल्पाने त्यांचीच सुतळी वापरली असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. भारतीय परंपरेत प्रायश्चित्ताची कल्पना आहे ती याचसाठी. प्रायश्चित्त घेणारा पाप नाकारीत नाही, आणि पापाला शेवटचा शब्दही बोलू देत नाही.

आता मदतीचा प्रश्न. आपल्याकडे इच्छाशक्तीविषयी एक अग्निपरीक्षेची कल्पना रूढ आहे: खरे सोने एकट्याने आगीतून बाहेर येते. निकोटीनची गोळी चघळणारा, पट्टी लावणारा, डॉक्टरांकडे जाणारा माणूस या कल्पनेला हिणकस वाटतो. ‘विषाला विषच कशाला?’ असे विचारले जाते. याचे उत्तर करोल बागेतल्या त्या कारागिराला त्याच्या कामातून सापडण्यासारखे आहे. सोन्यातील चांदी तेजाबाने वेगळी करण्याची जुनी रीत अशी, की सोन्याचे प्रमाण जास्त असेल तर तेजाब आत शिरू शकत नाही. म्हणून आधी त्यात आणखी चांदी मिसळून सोने सुमारे चौथ्या हिश्शावर आणायचे आणि मग ते तेजाबात घालायचे. शुद्ध करण्यासाठी आधी अधिक अशुद्ध करावे लागते, आणि कोणीही सराफ त्यामुळे त्या सोन्याला कमी मोल देत नाही. धुराविना घेतलेले, मापून दिलेले, आठवड्या-आठवड्याला घटवीत नेलेले निकोटीन हे त्या मिसळलेल्या चांदीसारखे आहे. बावनकशी सोने पाहणाऱ्याला मुशीत काय काय घातले होते हे दिसत नाही. गाळणाऱ्याला मात्र ते ठाऊक असते, आणि त्याला त्याची लाजही नसते.

माणसांची मदत हाही असाच विषय. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधील ‘उपास’ हा लेख मराठी वाचकाला परिचित आहे. वजन उतरविण्याचा संकल्प करणारा नायक आणि त्याच्यावर चहूकडून सल्ल्यांचा वर्षाव करणारी चाळ हा त्याचा विषय. संकल्प करणाऱ्याकडे आपला समाज कसा पाहतो याचे ते चोख निदान आहे: त्याच्या मोडण्याची वाट पाहात, हसतमुखाने. हेच पु. ल. आणि सुनीताबाई अनिल अवचट यांचे गर्दच्या व्यसनावरील लेखन वाचून अस्वस्थ झाले, आणि त्यांच्या देणगीतून १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. डॉ. सुनंदा अवचट यांनी ते आकाराला आणले. चाळीचे हसू आणि मुक्तांगणाचा आधार या दोन्ही गोष्टी एकाच लेखकाच्या जीवनात नांदल्या, याचा अर्थ विनोद क्रूर होता असा नाही. संकल्प मोडताना पाहून हसू येते, कारण प्रत्येकाने आपला एखादा मोडलेला असतो. आणि त्याच कारणाने हात पुढे करण्याची पात्रताही प्रत्येकात असते. दिल्लीत विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ पासून तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी दूरध्वनी-सेवा आहे, आणि २०१८ पासून तिचा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरच छापला जाऊ लागला. मोहाच्या वेष्टनावरच मदतीचा पत्ता असावा, ही व्यवस्था मानवी स्वभावाची चांगली जाण दाखविते.

केवळ हुकमाने हे काम होत नाही, हेही इतिहास सांगतो. तंबाखू मोगल दरबारात पोहोचली ती दख्खनमधूनच. विजापूरहून परतलेल्या असद बेगने १६०४-०५ च्या सुमारास ती अकबरासमोर ठेवली. १६१७ साली जहांगीराने धूम्रपानबंदीचा हुकूम काढला, आणि तंबाखू मात्र राहिली. आधुनिक कायदे याहून शहाणे आहेत. दिल्लीचा १९९६ चा कायदा, २००३ चा केंद्रीय कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आलेले सार्वजनिक स्थळांविषयीचे नियम यांनी माणसाच्या मनावर स्वारी केली नाही. त्याच्या भोवतालची हवा बदलली. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढ भारतीयांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळले. त्यांच्यामागे तेंदूपत्ता तोडणारी विदर्भातील कुटुंबे आणि निपाणीच्या परिसरातील शेतकरी उभे आहेत. गल्लीतील टपरीवाल्यालाही पोट आहे. त्याला खलनायक ठरवून संकल्प टिकत नाही. त्याच्याशी रामराम करून पुढे जाता येणे, हेच शिकावे लागते.

एवढे कष्ट कशासाठी, याचेही उत्तर आहे. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाचा पन्नास वर्षे माग घेतला. स्वतः त्यांनीही संशोधनाचे निष्कर्ष दिसू लागताच धूम्रपान सोडले होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला सुमारे ३, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी सुमारे १० वर्षांचे आयुष्य परत मिळते. करोल बागेतील पंचेचाळिशीच्या माणसासाठी हा हिशेब सात-आठ वर्षांचा आहे. गावाकडे बांधलेल्या घरात राहायला जाण्याची, नातवंडे पाहण्याची ती वर्षे आहेत. परंतु तिसऱ्या आठवड्यातील संध्याकाळी ही वर्षे कोठेच दिसत नाहीत. दिसतो तो टपरीवरचा दिवा. दूरच्या लाभावर विसंबून ही संध्याकाळ निभत नाही. ती निभते ती या जाणिवेवर, की हे पाळणे कोणी पाहात नसले तरी ते घडते आहे. न ओढलेल्या सिगारेटीचा कोणीही साक्षीदार नसतो. सद्गुणाचे इतके निःशब्द रूप दुसरे क्वचितच आढळेल.

मग एखाद्या दुपारी मुशीखालची आग मंद होते, तेजाबाचे काम व्हायला अवकाश असतो, आणि तो कारागीर उंबऱ्याशी येऊन नुसता उभा राहतो. काही वेळाने पोरगा हाक मारतो, तो आत जातो. मधल्या त्या दहा मिनिटांत त्याला विडीची आठवण झाली नाही, हे त्याच्या लक्षातही येत नाही. सोडणे त्याने केले होते. सुटणे असे, त्याच्या नकळत, होऊन गेलेले असते.